इमारतींच्या छायाचित्रणासाठी फुल-फ्रेम की क्रॉप सेन्सर? आधी लेन्स ठरवा

इमारतींचे छायाचित्रण गांभीर्याने करू लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो कॅमेऱ्याचा: फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा घ्यावा, की लहान, क्रॉप सेन्सरवर भागेल? प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचा क्रम उलटा आहे. इमारत पक्ष्यासारखी उडून जात नाही. प्रकाश कमी असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून चार सेकंदांचे एक्स्पोजर देता येते, आणि त्यामुळे मोठ्या सेन्सरचे जे फायदे एरवी सांगितले जातात त्यांतले बरेचसे येथे बोथट होतात. या कामातल्या खऱ्या अडचणी दोनच असतात. मागे सरकायला पुरेशी जागा मिळत नाही, आणि गवंड्याने ओळंबा लावून बांधलेली भिंत छायाचित्रातही ओळंब्यातच दिसावी लागते. या दोन्ही अडचणींचे उत्तर लेन्सकडे असते, म्हणून आधी लेन्स ठरवावी आणि तिच्या मागे कोणता सेन्सर बसवायचा हे नंतर पाहावे.

क्रॉपमध्ये नेमके काय कापले जाते

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीएवढा. ज्याला आपण क्रॉप म्हणतो तो एपीएस-सी सेन्सर निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत साधारण २३.५ × १५.६ मिमी, तर कॅननच्या कॅमेऱ्यांत किंचित लहान, २२.३ × १४.९ मिमी असतो. त्यामुळे पहिल्या गटासाठी गुणक १.५ आणि कॅननसाठी १.६ धरतात; लेन्सचे मिमी या गुणकाने गुणले की फुल-फ्रेमच्या हिशेबातला आकडा मिळतो. पुढची सर्व गणिते मी १.५ धरूनच केली आहेत.

२४ मिमीची लेन्स फुल-फ्रेमवर आडव्या चौकटीत सुमारे ७४ अंशांचा पट्टा टिपते. तीच लेन्स क्रॉपवर लावली तर फक्त ५२ अंश हाती लागतात. पहिल्यासारखा विस्तार हवा असेल तर १६ मिमीची लेन्स लावावी लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्रॉप सेन्सरमुळे इमारतीची खोली चपटी होते किंवा यथार्थदर्शन बदलते, असे पुष्कळदा ऐकू येते, पण ते खरे नाही. जवळचा खांब दूरच्या खांबापेक्षा किती मोठा दिसेल हे केवळ कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरते. एकाच जागेवरून फुल-फ्रेमवर २४ मिमीने आणि क्रॉपवर १६ मिमीने घेतलेल्या दोन छायाचित्रांतल्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात.

साध्या, न सरकणाऱ्या रुंद लेन्सपुरते बोलायचे तर क्रॉप वापरणाऱ्याची फारशी अडचण होत नाही. १० मिमीपासून सुरू होणाऱ्या अनेक झूम लेन्स क्रॉपसाठी मिळतात, फुजीफिल्मची १०-२४ मिमी एफ/४ किंवा सोनीची १०-१८ मिमी एफ/४ ही त्यांची उदाहरणे (एफ/४ हा लेन्समधले छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडते याचा आकडा). १० मिमीला त्यांचा आडवा दृश्यकोन ९९ अंशांच्या आसपास जातो. याहून रुंद लेन्सची गरज इमारतींच्या कामात क्वचितच पडते, आणि पडली तरी तिचा मोह आवरलेला बरा. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही रुंद लेन्स चौकटीच्या कडेला असलेल्या वस्तू ताणते. मध्यापासून ४५ अंश बाजूला असलेला दिव्याचा गोल सुमारे १.४ पट लांबट उमटतो. हा लेन्सचा दोष नसून भूमितीचा परिणाम आहे आणि सेन्सर कोणताही असला तरी तो तितकाच राहतो. बाहेरून इमारत टिपताना फुल-फ्रेमच्या हिशेबात २४ मिमी आणि खोल्यांसाठी १७ ते २० मिमी एवढी रुंदी मला पुरेशी वाटते. त्यापलीकडे लहानशी न्हाणीघरेही सभागृहासारखी दिसू लागतात आणि छायाचित्र पाहून आलेला माणूस प्रत्यक्ष खोलीत पाऊल टाकताच फसवल्यासारखा पाहतो.

ओळंबा, शिफ्ट आणि प्रतिमेचे वर्तुळ

उंच इमारतीचा माथा चौकटीत घेण्यासाठी आपण कॅमेरा वर झुकवतो आणि त्याच क्षणी उभ्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलू लागतात. सेन्सरचा पृष्ठभाग भिंतीला समांतर राहिला नाही, एवढेच त्याचे कारण. भिंती ओळंब्यात हव्या असतील तर कॅमेरा पाणसळीत ठेवावाच लागतो, पण मग क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर येते, खालचा अर्धा भाग रस्त्याने भरतो आणि इमारतीचा माथा वर कापला जातो.

शिफ्ट लेन्स हा पेच सोडवते. प्रत्येक लेन्स सेन्सरवर गोल प्रतिमा पाडते आणि सेन्सर त्या गोलातला एक आयत उचलतो. साध्या फुल-फ्रेम लेन्सचा हा गोल, ज्याला छायाचित्रकार इमेज सर्कल म्हणतात, सेन्सरचा ४३.३ मिमीचा कर्ण जेमतेम सामावेल एवढाच असतो. कॅननच्या टीएस-ई १७ मिमी एफ/४ आणि टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ च्या दुसऱ्या आवृत्तीचा (दोन्ही २००९ मधल्या) गोल मात्र ६७.२ मिमी व्यासाचा आहे. त्यामुळे कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स १२ मिमीपर्यंत वर सरकवता येते आणि सेन्सर त्या मोठ्या गोलाचा दुसरा भाग उचलतो. फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरून लेन्स पूर्ण १२ मिमी सरकवली तर सुमारे ६४.६ मिमी व्यासाचा गोल लागतो, म्हणजे ६७.२ मिमी हा आकडा उगाच निवडलेला नाही. निकॉनची १९ मिमी एफ/४ पीसी लेन्स (२०१६) हीसुद्धा १२ मिमीच सरकते, तर त्यांची जुनी २४ मिमी पीसी-ई ११.५ मिमी. ही कल्पना नवी नाही. ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी निकॉनने पहिली शिफ्ट लेन्स १९६२ मध्येच आणली होती.

आता २० मीटर उंचीची एक इमारत घेऊ. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, पाणसळीत आणि उभा धरलेला आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या वर १८.५ मीटर टिपायचे आहेत. फुल-फ्रेमवर साधी २४ मिमी लेन्स असेल तर माथा चौकटीच्या कडेला टेकण्यासाठी जवळजवळ २५ मीटर दूर उभे राहावे लागेल. तीच लेन्स शिफ्टची असेल आणि १२ मिमी वर सरकवली तर १४.८ मीटर पुरतात. रस्ता वीस मीटर रुंद असेल, तर समोरच्या पदपथावरून काम होणार की अजिबात होणार नाही, याचा निर्णय या दहा मीटरांत होतो.

क्रॉप कॅमेऱ्यावर साध्या २४ मिमी लेन्सला त्याच कामासाठी जवळजवळ ३८ मीटर लागतात, म्हणजे साधारण दीडपट, आणि हे अपेक्षितच आहे. पण शिफ्ट लेन्स लावून ती १२ मिमी सरकवली की क्रॉपवर १८.७ मीटर पुरतात. १४.८ आणि १८.७ यांच्यातले अंतर दीडपट नाही, जेमतेम सव्वापट आहे. सेन्सर लहान झाला तरी लेन्स सरकते तितकीच, आणि लहान चौकटीच्या तुलनेत ते १२ मिमी मोठे ठरतात, हे त्याचे कारण. शिफ्ट लेन्स क्रॉपवर ‘वाया जाते’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. रुंदीत मात्र तोटा होतोच: त्या त्या अंतरावरून फुल-फ्रेमच्या उभ्या चौकटीत इमारतीची १४.८ मीटर रुंदी मावते आणि क्रॉपच्या चौकटीत सुमारे १२.२ मीटर.

थोडे मागे उभे राहिल्याचा एक लाभही होतो. पूर्ण सरकवलेल्या २४ मिमी लेन्सच्या फुल-फ्रेम चौकटीची वरची कड लेन्सच्या अक्षापासून ५१ अंशांवर असते, क्रॉपवर ती ४५ अंशांच्या आत राहते. वर सांगितलेला ताण येथेही लागू होतो, म्हणून पूर्ण शिफ्ट दिलेल्या चित्रात इमारतीच्या माथ्यावरचा घुमट अंड्यासारखा लांबतो आणि सगळी इमारत डोके जड झाल्यासारखी दिसते. हा परिणाम क्रॉपवर कमी जाणवतो. फुल-फ्रेमवर काम करताना शिफ्टचा शेवटचा मिलिमीटर वापरण्याआधी दोन पावले मागे जाता येते का ते पाहावे, आणि अगदी उंच इमारतीत उभ्या रेषा किंचित, अगदी नजरेत न भरण्याइतक्या, आत कललेल्या राहू द्याव्यात. डोळा वर पाहताना थोडा कल अपेक्षितच धरतो.

शिफ्ट लेन्स नसेल तर

शिफ्ट लेन्स महाग असतात, जड असतात आणि बहुतेकींना ऑटोफोकस नसतो. ती घेण्याआधी एक साधा मार्ग वापरून पाहण्याजोगा आहे. फुल-फ्रेमवर १४ मिमीची साधी लेन्स लावून कॅमेरा पाणसळीत, उभा धरावा. त्या चौकटीची वरची कड पूर्ण सरकवलेल्या २४ मिमी शिफ्ट लेन्सपेक्षा किंचित वरच जाते. मग संगणकावर खालचा रस्ता आणि दोन्ही बाजू कापून टाकाव्यात. उरते ते जवळजवळ शिफ्ट लेन्सचेच चित्र, त्याच जागेवरून, त्याच रेषांसह. किंमत मोजावी लागते ती पिक्सेलमध्ये. मूळ चित्राचा सुमारे ३४ टक्के भाग उरतो, म्हणजे ४५ मेगापिक्सेलचे १५ होतात आणि २४ चे फक्त ८. क्रॉपवर १० मिमीच्या लेन्सने हेच करता येते आणि २४ मेगापिक्सेलपैकी ९ च्या आसपास शिल्लक राहतात. पडद्यावर पाहण्यासाठी आणि लहान छपाईसाठी ते चालतात. भिंतभर मोठ्या छपाईसाठी नाही.

कॅमेरा वर झुकवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करणे हा जास्त प्रचलित मार्ग. थोड्या कलासाठी तो ठीक आहे. कल मोठा असेल तर चित्राचा वरचा भाग ताणला जातो, तेथला तपशील पातळ होतो, कडांना मोठे त्रिकोण कापावे लागतात आणि इमारतीची उंची-रुंदी मूळ प्रमाणात राहिली की नाही हे डोळ्यांनी ठरवावे लागते. या मार्गाने जायचे असेल तर चारही बाजूंना ऐसपैस जागा सोडून चित्र घ्यावे, आणि संगणकावर आधी लेन्सच्या प्रोफाइलने रेषांची वक्रता काढावी, मग उभ्या रेषा सरळ कराव्यात. क्रम उलटा केला तर वक्रता नीट निघत नाही.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, क्रॉप कॅमेरा असणाऱ्यांना आणखी एक वाट आहे, जिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, लेन्सचे माउंट (लेन्स जेथे बसते ती कडी) सेन्सरपासून बरेच दूर असते, निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी, तर सोनी ई-माउंटमध्ये हे अंतर १८ मिमीच असते. मधल्या मोकळ्या जागेत सरकणारा अ‍ॅडाप्टर बसवता येतो. साध्या फुल-फ्रेम लेन्सचा ४३.३ मिमीचा गोल क्रॉप सेन्सरपेक्षा इतका मोठा असतो की आडव्या चौकटीत सुमारे १० मिमी आणि उभ्या चौकटीत ८ मिमी वर सरकायला जागा मिळते. अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवरच असलेली जुनी २० मिमी लेन्स अशा अ‍ॅडाप्टरवर लावली की फुल-फ्रेमच्या हिशेबात ३० मिमीची शिफ्ट लेन्स तयार होते. कोपरे फिके पडतील, कडेची तीक्ष्णता खऱ्या शिफ्ट लेन्सच्या तोडीची नसेल, पण शिफ्ट आपल्या कामाला लागते की नाही हे कळायला एवढे पुरे.

तुकडे जोडून मोठी चौकट

क्रॉप कॅमेऱ्यावर शिफ्ट लेन्स लावली असेल तर रुंदीचा तोटा भरूनही काढता येतो. कॅमेरा आडवा ठेवून लेन्स १२ मिमी वर, मग मध्यावर, मग १२ मिमी खाली अशी तीन चित्रे घ्यावीत. जोडल्यावर २३.५ × ३९.६ मिमीची चौकट मिळते, म्हणजे उभ्या धरलेल्या फुल-फ्रेमएवढी रुंद आणि उंचीने थोडी जास्तच. शेजारच्या दोन चित्रांत ३.६ मिमीचा सामाईक पट्टा राहतो आणि जोडण्यासाठी तो पुरतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही चित्रांत हातानेच ठरवून कायम ठेवावे. एक काळजी मात्र घ्यावी: कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असतो तेव्हा सरकते ती लेन्स, म्हणजे आपली नजरच वर-खाली होते. दूरच्या इमारतीला त्याने फरक पडत नाही, पण जवळ कुंपण किंवा खांब असेल तर जोड चुकतो. लेन्सलाच ट्रायपॉडवर धरून ठेवणारी कॉलर मिळाल्यास ही अडचण राहत नाही.

अ‍ॅपर्चर आणि प्रकाश

येथे थोडक्यात सांगून भागेल. क्रॉपवर जवळपासून दूरपर्यंतची स्पष्टता जास्त मिळते हे खरे, पण विवर्तन, म्हणजे छिद्र फार लहान केल्याने येणारा मऊपणा, हेही लवकर सुरू होते, आणि हिशेब शेवटी बरोबरीत सुटतो. फुल-फ्रेमवर २४ मिमी आणि एफ/८ ला हायपरफोकल अंतर (जेथे फोकस केल्यास अगदी दूरपर्यंत सारे स्पष्ट येते) सुमारे २.४ मीटर येते, क्रॉपवर १६ मिमी आणि एफ/५.६ ला सुमारे २.३ मीटर. म्हणून फुल-फ्रेमवर एफ/८ ते एफ/११ आणि क्रॉपवर एफ/५.६ ते एफ/८ या पट्ट्यात काम करावे. शिफ्ट पूर्ण दिलेली असेल तर गोलाची कड वापरली जाते, तेव्हा एक स्टॉप (म्हणजे प्रकाश निम्मा होईल इतके) आणखी बंद केलेला चांगला.

फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ क्रॉपच्या सुमारे २.३६ पट असते आणि तेवढ्याच प्रमाणात तो एकूण प्रकाश जास्त गोळा करतो, म्हणजे साधारण सव्वा स्टॉप. अंधाऱ्या खोलीला प्रखर उन्हाची खिडकी असेल तेव्हा सावल्या उजळताना हा फरक दिसतो. मात्र ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन ते पाच चित्रे घेऊन ती एकत्र केली की तो जवळपास पुसला जातो, म्हणून केवळ याच कारणासाठी फुल-फ्रेम घ्यावा असे मी कोणाला सांगणार नाही. ट्रायपॉड लावायला मनाई असलेल्या वास्तू ज्यांच्या कामात वारंवार येतात त्यांची गोष्ट वेगळी.

मग घ्यावे काय

जवळजवळ सर्व प्रमुख शिफ्ट लेन्स फुल-फ्रेम डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या आहेत. २४ मिमी ही त्यांच्यातली सर्वांत उपयोगी, आणि तिला तिची मूळ रुंदी फुल-फ्रेमवरच मिळते. ज्यांचे काम मुख्यतः अरुंद रस्त्यांवरच्या उंच इमारतींचे आहे आणि चित्रे मोठ्या आकारात छापली जाणार आहेत, त्यांनी २४ मिमी शिफ्ट आणि तिच्यासाठी एखादा जुना, वापरलेला फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा. नवा कॅमेरा आणि साधी झूम यांपेक्षा ही जोडी जास्त उपयोगी पडेल. ज्यांचे काम मुख्यतः खोल्यांचे आहे आणि चित्रे पडद्यावरच पाहिली जाणार आहेत, त्यांना क्रॉप, १० मिमीपासूनची झूम आणि भक्कम ट्रायपॉड यांवर वर्षानुवर्षे काढता येतील. क्रॉपवर शिफ्ट लेन्स घ्यायचीच असेल तर १७ किंवा १९ मिमी पाहावी. कॅननच्या १७ मिमीची पुढची काच फुगीर असल्याने तिच्यावर आट्यांचा फिल्टर बसत नाही, हे आधीच माहीत असावे. टिल्ट, म्हणजे लेन्स तिरपी करण्याची सोय, इमारतींसाठी क्वचितच लागते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याची घाई करू नये.

प्रत्यक्ष जागेवर

ट्रायपॉडचे पाय नीट रोवून कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पाणसळ दोन्ही दिशांना शून्यावर आणावी आणि पडद्यावर जाळीच्या रेषा चालू ठेवाव्यात. ट्रायपॉडचे डोके दात्यांच्या चाकांनी फिरणारे (गिअर्ड हेड) असेल तर हे काम फार सोपे होते. गोळ्याच्या डोक्यावर (बॉल हेड) एक बाजू जुळवताना दुसरी हलते. कॅमेरा सरळ झाला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही, पुढची सारी रचना लेन्स सरकवून करायची. जुन्या डीएसएलआरवर शिफ्ट दिल्यानंतर प्रकाशमापन चुकते, म्हणून ते शिफ्ट देण्याआधी करून आकडे मॅन्युअलमध्ये पक्के करावेत. फोकस थेट पडद्यावर दहापट मोठे करून, शिफ्ट दिल्यानंतर जुळवावा. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय बंद ठेवावी आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडावे. खोलीत कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर न ठेवता सुमारे १.२ मीटरवर आणला तर टेबलांचे पृष्ठभाग कमी दिसतात आणि छत फरशीवर वरचढ होत नाही.

वापरलेली शिफ्ट लेन्स घेताना तिला विटांच्या सपाट भिंतीसमोर लावून दोन्ही टोकांपर्यंत सरकवून पाहावे. वरच्या टोकाला एक कोपरा स्पष्ट आणि खालच्या टोकाला समोरचा कोपरा अंधुक येत असेल तर काच जागेवरून हललेली आहे. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर सरकवण्याचा खिट्टा आपोआप सुटत नाही ना, हे पाहावे. आपला स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा, कारण काही लहान डीएसएलआरमध्ये पुढे आलेला फ्लॅशचा भाग लेन्सच्या चकतीला अडतो आणि विशिष्ट दिशांना ती पूर्ण फिरतच नाही. अ‍ॅडाप्टर वापरणार असाल तर तोही सोबत असू द्या. त्याची आतली चौकट अरुंद असेल तर कोपऱ्यांतला काळोख ७ किंवा ८ मिमीलाच दिसू लागतो.